मोंतोनेला अर्धा दिवस द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी संपत आली की आपल्या पुरवणीत पुढच्या उन्हाळ्याच्या युरोप सहलींच्या जाहिराती येऊ लागतात. इटलीपुढची नावं ठरलेली असतात : रोम, पिसा, फ्लोरेन्स, व्हेनिस. एखादी कंपनी दिवस जास्त देत असेल तर असिसी. या यादीत आणखी एक नाव यावं, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते नाव आहे मोंतोने, मध्य इटलीच्या उम्ब्रिया प्रांतातलं एक डोंगरी गाव.

मी माणगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलातून इतिहासाची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. यजमान मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त. मुलगी पेरुजाच्या विद्यापीठात संशोधन करते, त्यामुळे आमचं त्या भागात जाणं झालं आणि मोंतोने नीट पाहता आलं. परत आल्यावर मी एका सहल कंपनीच्या कार्यालयात जाऊन हीच सूचना केली. तिथल्या तरुणाने संगणकावर गाव शोधलं आणि विचारलं, "काकू, जेमतेम सोळाशे वस्तीचं गाव आहे हे. ग्रुपला तिथे दाखवायचं काय?"

प्रश्न त्याने मनापासून विचारला होता. त्याला मी दिलेलं उत्तर घाईचं होतं, कारण मागे माणसं खोळंबली होती. सविस्तर उत्तर इथे देते. आपण ते सगळंच्या सगळं छापलंत तर उपकार होतील.

पेरुजाहून उत्तरेला टायबर नदीच्या काठाने रस्ता जातो. रोमच्या पुलांखालून वाहते तीच ही टायबर, पण इथे ती अंगाने लहान आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना सपाट, सुपीक शेतं आहेत. या खोऱ्यात तंबाखूचं पीक पिढ्यान् पिढ्या घेतात. उंबेर्तिदे नावाचं गाव मागे टाकलं की उजव्या हाताला कार्पीना नावाची छोटी नदी येऊन मिळते. तिच्या आणि टायबरच्या मधल्या टेकडीवर, समुद्रसपाटीपासून ४८२ मीटर उंचीवर, तटबंदीत बसलेलं गाव दिसतं. ते मोंतोने. वळणावळणाने वर गेलं की वेशीबाहेर गाडी थांबते आणि पुढे पायी चालायचं. दगडी भिंती, दगडी पायऱ्या, दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढ्या गल्ल्या, मध्ये चौक. गावात शिरायच्या वेशी तीन, आणि त्यांच्या नावाने गावाचे तीन भाग : पोर्ता देल बोर्गो, पोर्ता देल मोंते, पोर्ता देल वेर्झिएरे. मोंतोनेच्या माणसाला आजही पहिल्यांदा विचारतात, तू कुठल्या वेशीचा?

चौकाला नाव आहे फोर्तेब्राच्चो. हे मोंतोनेचं सरदार घराणं. यातला सगळ्यांत मोठा पुरुष म्हणजे आंद्रेआ फोर्तेब्राच्चो. इतिहास त्याला ब्राच्चो दा मोंतोने म्हणून ओळखतो. जन्म १३६८. त्या काळी इटलीत एक राजा नव्हता. पोप, नेपल्सचं राज्य, व्हेनिस, फ्लोरेन्स, मिलान असे अनेक सत्ताधीश होते आणि ते लढाया करायला पगारी सरदार ठेवत. सरदार आपली फौज घेऊन करारावर लढे, करार संपला की दुसऱ्याकडे जाई. ब्राच्चो त्या व्यवसायातला अव्वल माणूस. १४१६ साली लढाई जिंकून तो पेरुजाचा धनी झाला. एका डोंगरी गावच्या घराण्यातला माणूस मध्य इटलीचा मोठा भाग हाताखाली घेऊन बसला आणि पोपला त्याची चिंता वाटू लागली. १४२४च्या जूनमध्ये लाक्विला शहराच्या वेढ्यात तो पडला. पोपने त्याला धर्मबहिष्कृत केलेलं असल्यामुळे त्याला पवित्र भूमीत जागा मिळाली नाही. काही वर्षांनी त्याच्या पुतण्याने त्याच्या अस्थी पेरुजाला आणल्या.

त्याचा किल्ला मोंतोनेच्या एका टोकाला होता. १४७८मध्ये पोप सिक्स्टस चौथा याच्या हुकमावरून तो पाडण्यात आला. हा तोच सिक्स्टस, ज्याच्या नावाची सिस्टिन चॅपेल पाहायला आपली मंडळी रोममध्ये भर उन्हात रांगेत उभी राहतात. चॅपेल पाहून आल्यावर चारपाच दिवसांत त्याच पोपने भुईसपाट केलेल्या किल्ल्याची जागाही पाहिली, तर त्या माणसाचा आणि त्या काळाचा अंदाज किती वेगळा येईल! वर्गात मला हे समजावून सांगायला फळा आणि तास दोन्ही अपुरे पडायचे. तिथे उभं राहिल्यावर पाच मिनिटांत कळतं.

अभंग किल्ला पाहायचा असेल तर गावाच्या परिसरात रोक्का द'आरिएस आहे. कार्पीनाच्या खोऱ्यावर नजर ठेवणारा, एका उंचवट्यावर एकटा उभा असलेला. त्याची डागडुजी सरकारने केली आहे आणि ती संयमाने केलेली आहे. नव्या सिमेंटचा लेप नाही, रंगरंगोटी नाही. किल्ल्यांच्या देशातून गेलेल्या माणसाला हे पटकन जाणवतं.

आता चर्चकडे येते, कारण मोंतोनेचा खरा ऐवज तिथे आहे. तटाबाहेर दरीच्या अंगाला सान ग्रेगोरिओचं जुनं चर्च आहे, साधारण हजार वर्षांपूर्वीचं. आत-बाहेर साधं, जाड भिंतींचं. गावाच्या माथ्याकडे सान फ्रांचेस्को. फ्रान्सिस्कन साधूंनी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं. एकच लांब दालन, आणि टोकाला ब्राच्चोच्या काळात आंतोनिओ आल्बेर्ती नावाच्या फेरारा शहरातल्या चित्रकाराने रंगवलेली भित्तिचित्रं. आज चर्च आणि शेजारचा मठ मिळून गावाचं संग्रहालय आहे. तिथे तेराव्या शतकातला लाकडी शिल्पसमूह आहे : येशूचं शव क्रुसावरून खाली उतरवतानाचा प्रसंग. माणसाच्या उंचीच्या मूर्ती. शव झेलायला पुढे झालेले हात बघताना यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी सेवेत असताना सहकाऱ्यांना असं उचललेलं आहे.

त्याच संग्रहालयात कापडावर रंगवलेला एक मोठा ध्वज आहे. बार्तोलोमेओ कापोराली या पेरुजाच्या चित्रकाराने १४८२ साली तो केला. प्लेगाची साथ आली की उम्ब्रियातल्या गावांमध्ये असे ध्वज मिरवणुकीने फिरवत. माता मरियम आपला अंगरखा दोन्ही बाजूंना पसरून उभी असते आणि त्याच्या आडोशाला गावची माणसं गुडघे टेकून बसलेली असतात. मोंतोनेच्या ध्वजावर पायथ्याशी मोंतोने गाव रंगवलेलं आहे. साल पुन्हा पाहा. किल्ला पाडल्याला चारच वर्षं झालेली होती. सरदार गेला, किल्ला गेला, साथीचं भय डोक्यावर, आणि गावाने पैसा उभा करून पेरुजातल्या नावाजलेल्या चित्रकाराकडून हे काम करून घेतलं. मी इतिहास शिकवताना लढाया आणि तह खूप शिकवले. लढाई संपल्यावर गावाने काय केलं, हे शिकवायला पाठ्यपुस्तकात जागा नव्हती. मला तो ध्वज त्यासाठी फार मोलाचा वाटतो.

याच कापोरालीने आपल्या भावाबरोबर १४६९मध्ये इथल्या साधूंसाठी प्रार्थनेची एक सचित्र पोथी तयार केली होती. सोन्याच्या वर्खाची, अक्षरागणिक रंगकाम केलेली. ती आता अमेरिकेत, क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे. बाहेर गेलेल्या वस्तूची हळहळ आपल्यालाही परकी नाही. आपले अमेरिकेतले वाचक ओहायो राज्यात राहत असतील तर त्यांनी ती जरूर पाहावी.

आणि मग तो काटा. ब्राच्चोचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या बाजूने लढला. त्या सेवेबद्दल त्याला व्हेनिसकडून येशूच्या काटेरी मुकुटातला म्हणून मानला जाणारा एक काटा मिळाला, आणि १४७३ साली तो त्याने आपल्या गावाला दिला. गुड फ्रायडेला तो काटा फुलतो अशी गावाची जुनी श्रद्धा. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तो दर्शनासाठी बाहेर काढतात. ऑगस्टमध्ये त्या दानाचा उत्सव असतो. तेव्हा तिन्ही वेशींमध्ये चुरस लागते. तिरंदाजी, आव्हानांचं जाहीर वाचन, मध्ययुगातल्या जीवनाचे प्रसंग उभे करणं. आणि जी वेस जिंकेल तिच्यातली मुलगी कार्लोची पत्नी मार्गेरिता मालातेस्ता म्हणून मिरवणुकीत बसते. आम्ही गेलो तेव्हा उत्सव नव्हता, पण एका घराच्या पडवीत दोन बायका मखमलीच्या झग्याला काठ लावत बसलेल्या दिसल्या. अजून कितीतरी महिने बाकी होते! ज्यांनी गावची जत्रा, मानकरी आणि पालखीचा मान पाहिलेला आहे, त्यांना मोंतोनेतलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

एवढं असूनही मी हे पत्र लिहिलं नसतं. इटलीत अशी डोंगरी गावं पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाकडे स्वतःचा किल्ला आणि चर्च आहे. मोंतोनेचं नाव मराठी यादीत यायला हवं, ते त्या टेकड्यांवर मारल्या गेलेल्या एका मराठी जवानासाठी.

नाईक यशवंत घाडगे. आमच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन, दहावी भारतीय डिव्हिजन. दुसरं महायुद्ध चालू होतं. ४ जून १९४४ला रोम दोस्त राष्ट्रांच्या हातात आलं, २० जूनला पेरुजा. जर्मन सैन्य उत्तरेच्या डोंगरातल्या पक्क्या फळीकडे मागे सरत होतं, पण पळत नव्हतं. दर टेकडीवर थोडी माणसं आणि मशीनगन ठेवून ते वेळ काढत होते. टायबरच्या वरच्या खोऱ्यात खाली सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना टेकड्यांची रांग. रस्ता वापरायचा तर आधी टेकड्या घ्यायच्या, आणि तिथे रणगाड्यांचा फारसा उपयोग नाही. पायदळाने चढायचं, खेचरांवरून दारूगोळा न्यायचा. दहाव्या भारतीय डिव्हिजनने जुलैच्या पहिल्या आठवड्यात उंबेर्तिदे घेतलं, मागोमाग मोंतोने. पुढे चित्ता दी कास्तेल्लो या शहरापर्यंतच्या टेकड्या एकेक करून घ्यायच्या होत्या.

१० जुलैला घाडग्यांच्या सेक्शनवर, म्हणजे त्यांच्या छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाले, उभे राहिले ते एकटे घाडगे. ते तसेच मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून गन आणि गन चालवणारा निकामी केला. टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन संपलं, बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मोर्चा ताब्यात आला. मग लपलेल्या शत्रूच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला. वय २२. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मरणोत्तर मिळालं. त्यांची समाधी कुठेही नाही; इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकावर, ज्यांच्या कबरी ठाऊक नाहीत अशा हजारो नावांत त्यांचं नाव कोरलेलं आहे.

इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले. त्यांतले ५,७८२ तिथेच राहिले. त्या मोहिमेत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा भारतीय सैन्यातल्या जवानांना, आणि त्या सहांतले दोघे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी लढलेले. ते सुदैवाने परत आले आणि १९८४पर्यंत आपल्यात होते. माझ्या वर्गातल्या मुलांना यातलं एकही नाव पाठ्यपुस्तकातून मिळालं नाही. माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे, त्याच्या शेजारून रोज हजारो माणसं जातात, म्हणून आमच्या मुलांना नाव तरी ठाऊक.

जुलै २०२३मध्ये मोंतोनेच्या नगरपालिकेने आणि इटलीतल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून गावात यशवंत घाडगे यांचं स्मारक उभारलं. स्मारक म्हणजे सूर्यघटिका आहे, सावलीवर वेळ दाखवणारी, आणि तिच्यावर लॅटिनमध्ये बोधवाक्य आहे : आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. सोळाशे माणसांच्या गावाने, आपल्या पूर्वजांनी ज्याला पाहिलंही नसेल अशा बावीस वर्षांच्या परक्या मुलासाठी, एकोणऐंशी वर्षांनी हे केलं. त्यांच्यावर कुणाची सक्ती नव्हती.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे या स्मारकाचं मोल वाढतं. त्या खोऱ्यातल्या लोकांना युद्धाने फक्त मुक्ती दिली असं नाही. २५ एप्रिल १९४४ रोजी दोस्तांच्या विमानांनी उंबेर्तिदेजवळचा टायबरवरचा पूल उडवण्यासाठी बॉम्ब टाकले. ते वस्तीवर पडले आणि सत्तरहून अधिक गावकरी मेले. घाडगे ज्या बाजूने लढत होते, त्याच बाजूची ही विमानं. शेजारच्या गावात हे दुःख आजही जपलेलं आहे. हे ठाऊक असलेल्या माणसांनी आपल्या जवानाची आठवण ठेवली आहे. यजमान म्हणाले, "सैनिक आणि युद्ध वेगवेगळं बघता येतं या लोकांना." मला त्यात भर घालावीशी वाटत नाही.

संग्रहालयाच्या तिकीट खिडकीवरच्या बाईंनी आम्ही कुठून आलो ते विचारलं. मुलीने सांगितलं, घाडगे ज्या भागातले त्याच भागातून. त्या खुर्चीतून उठून बाहेर आल्या आणि त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. तो कसल्या गावातला होता? तिथेही डोंगर आहेत का? शेतात काय पिकतं? घरं दगडाची की मातीची? त्याच्या घरच्यांना कधी कळलं? मुलगी भाषांतर करत होती आणि मी सांगत होते : भात, नाचणी, पावसाळ्यात भरून वाहणारी काळ नदी, मागे सह्याद्री. त्या बाईंना घाडग्यांचे शेवटचे काही क्षण तपशीलवार ठाऊक होते. त्याआधीची बावीस वर्षं त्यांना कुणी सांगितली नव्हती. आपलंही तसंच आहे. आपल्याला पदक ठाऊक आहे. ते ज्या मातीवर मिळालं ती कशी आहे, तिथे कोण राहतं, ते काय खातात, कशाला मान देतात, हे ठाऊक नाही. मला या पत्रातून मुख्य म्हणजे हेच म्हणायचं आहे.

मी त्यांना खोतीबद्दलही सांगितलं, कारण त्यांनी जमिनीची मालकी कुणाची असायची असं विचारलं. उम्ब्रियातली शेती दीर्घकाळ अर्धेलीवर चालत असे. जमीन मालकाची, कसणारं कुटुंब वेगळं, पीक निम्मं निम्मं. टेकड्यांवर दिसणारी ती एकटी दगडी घरं अशा कुळांचीच. आमच्या जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांच्या विरोधात १९३३पासून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या, आणि खोती कायद्याने गेली ती १९४९मध्ये. इटलीत नव्या अर्धेली करारांवर बंदी आली १९६४मध्ये. म्हणजे १९४४च्या जुलैत रायगडातले जवान ज्या शेतांच्या बांधावरून चालत वर गेले, ती शेतं कसणारी माणसं त्यांच्या गावच्या माणसांसारखीच निम्मं धान्य दुसऱ्याच्या कोठारात टाकत होती. पुढे त्या कुळांची मुलं कारखान्यांकडे गेली आणि टेकड्यांवरची घरं ओस पडली. आमच्याकडची मुंबईला गेली. तिकिटाच्या बाई हे ऐकून म्हणाल्या की त्यांचे आजोबाही कूळच होते. मग त्यांनी आम्हाला जेवायला कुठे जायचं ते सांगितलं आणि तोर्ता आल तेस्तो खा म्हणून बजावलं. ही तव्यावर भाजलेली जाड रोटी, आपल्या तांदळाच्या भाकरीएवढी घरगुती. मधोमध फाडून आत पालेभाजी किंवा चीज घालतात. शाकाहारी मंडळींची तिथे अजिबात अडचण होत नाही, हेही सहल कंपन्यांनी नोंदवावं.

त्या तरुणाच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. आता व्यवहाराचं बोलते. असिसीला बस नेत असाल तर तिथून मोंतोने सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे. चौपदरी रस्ता उंबेर्तिदेपर्यंत येतो, पुढचा चढ थोडाच. उंबेर्तिदेत वाटेत थांबून सांता क्रोचे चर्चमधलं लुका सिन्योरेल्लीचं १५१६चं चित्र पाहता येईल. मोंतोनेत चौक, संग्रहालय, जुनं चर्च, पाडलेल्या किल्ल्याची जागा, स्मारक आणि जेवण, हे सगळं अर्ध्या दिवसात आरामात होतं. गल्ल्यांना चढ-उतार आहेत, गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी काठी ठेवावी. संग्रहालयाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात, लहान गाव आहे, रोज दिवसभर उघडं असेलच असं नाही. जुलैत गेलात तर रात्री चौकात पडदा लावून चित्रपट दाखवण्याचा महोत्सव असतो. मुक्काम करणाऱ्यांना तोही मिळेल.

पण एक कळकळीची विनंती आहे. फक्त स्मारकापुढे उतरायचं, हार घालायचा, घोषणा द्यायच्या, फोटो काढायचे आणि वीस मिनिटांत बसमध्ये बसायचं, असं करू नका. गावाला ते आवडणार नाही आणि त्या जवानाचाही त्यात मान नाही. तिकीट काढून संग्रहालय बघा. तो ध्वज बघा. दुकानात काहीतरी घ्या, चौकात बसा, कुणी विचारलं तर आपलं गाव सांगा. तटावर उभं राहून उत्तरेकडच्या टेकड्या बघा, म्हणजे चढ केवढा होता ते कळेल.

आपल्या वृत्तपत्रालाही सांगणं आहे. दरवर्षी १० जुलैला निदान चार ओळी द्या. ज्या शिक्षकांना वर्गात हा विषय घ्यायचा आहे त्यांना त्या चार ओळींचा आधार मिळतो. कात्रण कापून फलकावर लावता येतं. रायगड जिल्हा परिषदेने एखादी शाळा मोंतोनेच्या शाळेशी पत्रव्यवहाराने जोडून द्यावी असा अर्ज मी करणार आहे. भाषांतराचं काम माझ्या मुलीने अंगावर घेतलं आहे.

आणि शेवटची गोष्ट वाचकांसाठी. कितीतरी मराठी घरांत आजोबा-पणजोबा इटलीच्या लढाईत होते. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, पुणे, नगर, बेळगाव. त्या घरांतल्या ट्रंकांमध्ये लष्करी टपालाची पत्रं असतील, पेबुक म्हणजे पगाराची वही असेल, इटलीत काढलेला एखादा फोटो असेल, पदकाची फीत असेल. वाळवी लागण्याआधी ती बाहेर काढा. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो घ्या, मागे काही लिहिलेलं असेल तर तेही. कुणाची, कुठल्या गावची, कुठल्या पलटणीतली, एवढं सोबत लिहा आणि या वृत्तपत्राच्या पत्त्यावर पाठवा. संपादकांची परवानगी असेल तर मी ती गोळा करून, इटालियनमध्ये टिपणं लिहवून घेऊन, मोंतोनेच्या नगरपालिकेकडे प्रती पाठवीन. मूळ कागद तुमच्याकडेच राहतील. पळसगावच्या आसपासच्या कुणाकडे यशवंत घाडग्यांच्या लहानपणाबद्दल ऐकलेली एखादी आठवण असेल, तर ती आधी पाठवा. तिकीट खिडकीवरच्या बाईंना मी ती कळवायचं कबूल केलं आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. माणगाव, जि. रायगड